नावेतलं पाणी

नाव पाण्यात असावी, पण पाणी नावेत नसावं. हा दृष्टान्त प्रवचनात ऐकला नाही असा दत्तभक्त शोधून सापडणार नाही. माणसानं प्रपंचात असावं, पण प्रपंच माणसात नसावा. बुवा हे सांगतात, माना डोलतात. दृष्टान्त आहेच तसा सुटसुटीत, लहान मुलालाही कळेल असा.

पंचाईत होते ती घरी आल्यावर. चार दिवसांत मुलाचा फोन आलेला नसतो. नातीला ताप असतो. धाकट्या भावानं वाटणीच्या वेळी जे बोलला ते वीस वर्षांनंतरही रात्री दोन वाजता आठवतं. पोथी वाचताना डोळे ओळींवर आणि कान दाराच्या घंटीकडे. मग साठी-सत्तरी गाठलेला माणूस स्वतःशीच म्हणतो, ‘इतकी वर्षं माळ ओढली, गुरुचरित्राची पारायणं केली, पौर्णिमेला वाडीची वारी केली, तरी पाणी नावेत आहेच. मग हे सगळं वाया गेलं का?’

हा प्रश्न कोणी मोठ्यानं विचारत नाही. विचारायची लाज वाटते. पण आपल्या वयाच्या बहुतेकांच्या मनात तो असतो. म्हणूनच त्याचा थोडा विचार करू. दृष्टान्त नावेचा आहे, तेव्हा आधी खरी नाव कशी असते ते पाहू. आपण नावेवर बोलतो खूप, पण नाव बांधणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला फारसं विचारत नाही.

होडी कशी होते

आपल्या कोकणपट्टीवर लहान होड्या पिढ्यान्‌पिढ्या लाकडाच्याच होत आल्या. कुठे मोठा ओंडका कोरून तळ करायचा आणि त्यावर फळ्या चढवून काठ उंच करायचा. त्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीनं शिवायचीही पद्धत होती. लाकूड आंब्याचं, उंडीचं, ऐनाचं, ऐपत असेल तर सागाचं. होडी अरुंद असली तर ती कलंडू नये म्हणून एका बाजूला आडव्या दांड्यांवर लाकडाचा तरंगता ओंडका बांधायचा. त्याला उलांडी म्हणतात.

मोठी होडी किंवा मचवा असेल तर आधी पठाण घालतात. पठाण म्हणजे तळाचा कणा. मग पुढची नाळ, मागची बाजू, मग बरगड्या आणि फळ्या. बरगडीसाठी सुतार सरळ लाकूड कापून वाकडं करत नाही, तशानं लाकडाची रेघ तुटते आणि जोर राहत नाही. तो जन्मतःच वाकडी वाढलेली फांदी शोधतो. ज्या फांदीतून घराचा वासा निघाला नसता, तीच इथे हवी असते. जुन्या सुतारांकडे कागदावरचा नकाशा नसे. एक दोरी, एक वाकस, एक पटाशी आणि डोळा. फळी शेकून, ओली करून, हळूहळू वाकवत बरगडीला आणायची.

आता खरं काम. दोन फळ्यांमध्ये जो सांधा राहतो त्यात कापूस भरायचा. कापसाची वात वळून, तेलात किंवा राळेत भिजवून, बोथट पटाशीनं ठोकत ठोकत सांध्यात बसवायची. हे काम पुढे कोणाला दिसत नाही. वर तेल बसतं, रंग चढतो आणि अर्धी होडी तर कायमची पाण्याखाली जाते. नाळेवरचं नक्षीकाम लोक पाहतात, तळाचा सांधा कोणीच पाहत नाही. आणि माणसं तरतात ती त्या सांध्यावर.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतानं यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत एक बाण करणारा कारागीर आहे. तो बाण सरळ करण्यात इतका गढलेला होता की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, तरी त्याला कळलं नाही. अवधूतानं त्याच्याकडून एकाग्रता घेतली. मला वाटतं, तळाचा सांधा भरणारा सुतार त्याच कुळीतला. कोणी बघत नसताना जो सांधा नीट भरतो, त्याला वेगळं धर्मशास्त्र शिकवावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. होडीचा आरंभ सुताराच्या अंगणात होत नाही, तो कोणाच्या तरी झाडापाशी होतो. शिवछत्रपतींच्या काळापासून राज्यकारभार पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आज्ञापत्र लिहिलं. त्यात आरमाराच्या लाकडाबद्दल जो भाग आहे तो मुळातून वाचण्यासारखा आहे. आंबा-फणसाची लाकडं आरमाराच्या कामाची खरी, पण त्यांना हात लावू देऊ नये, असं ते बजावतात. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानं न्यावं.

शेतकऱ्याचा झाडावर जीव होता. त्याला ‘ही माया आहे, सोडून दे’ असं सांगणं सत्तेला अवघड नव्हतं, सोयीचंच होतं. अमात्यांनी तसं सांगितलं नाही. त्यांनी त्या मायेचा मान राखला आणि लगाम सत्तेला घातला. दुसऱ्याची आसक्ती ही आपल्या सोयीसाठी अज्ञान ठरवायची नसते, हे यातून घेण्यासारखं आहे.

पहिल्या दिवशी गळते ती वाईट नव्हे

होडी तयार झाली, नारळ फुटला, गुलाल उधळला, दहा-वीस माणसांनी खांदा देऊन ती पाण्यात लोटली. आता काय होतं? होडी गळते. चांगल्या सुताराची, चांगल्या लाकडाची, नीट भरलेल्या सांध्यांची होडीसुद्धा पहिल्या दिवशी पाणी घेते. नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. जुना होडीवाला मात्र शांतपणे विडी पेटवून बसतो. लाकूड तहानलेलं असतं, ते पाणी पितं आणि फुगतं. फळी फळीला भिडते, मधला कापूस दाबला जातो, आणि एक-दोन दिवसांत गळणं आपोआप आटोक्यात येतं. म्हणजे ज्या पाण्यापासून होडीला वाचवायचं, तेच पाणी होडीचे सांधे घट्ट करतं.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कोरड्या होडीच्या सांध्यांत कापूस गच्च ठासून भरायचा नसतो. एखादा नवशिका ‘एक थेंब आत येऊ देणार नाही’ अशा ईर्ष्येनं तो ठोकतो. होडी पाण्यात गेली की लाकूड फुगतं, त्याला पसरायला जागा उरत नाही, आणि फळ्याच आपल्या जागेवरून सुटू बघतात. सांध्यात थोडी जागा राखणं ही सुताराची ढिलाई नसते. लाकडाचा स्वभाव ओळखून त्यानं ती ठेवलेली असते.

लग्न होऊन नव्या घरात आलेली सून, पहिलं मूल झालेलं जोडपं, निवृत्त होऊन चोवीस तास घरात बसू लागलेला माणूस, यांची पहिली काही वर्षं आठवून पाहा. होडी गळतेच. ज्या घरात तेव्हा थोडी जागा ठेवली गेली, तिथले सांधे पुढे घट्ट झाले. जिथे पहिल्या दिवसापासून सगळे नियम ठासून भरले, तिथली फळीच निसटली.

परवाच्या काळातलं एक उदाहरण सगळ्यांच्या वाचनात आलं असेल. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून गोव्यात एक शिवलेलं जहाज बांधलं गेलं. केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते भारतीय नौदलात आलं आणि त्याचं नाव ‘कौण्डिण्य’ ठेवण्यात आलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर ते पोरबंदरहून निघालं आणि शिडाच्या जोरावर अरबी समुद्र ओलांडून मस्कतला पोचलं. दोरीनं बांधलेलं जहाज लाटांवर टिकतं कसं, असा प्रश्न साहजिक आहे. शिवण लाटेबरोबर थोडी हलते, देते आणि पुन्हा जागेवर येते. ताठ सांध्याला लाटेचा सगळा मार एकाच जागी सोसावा लागतो.

डबा

बरं, फळ्या फुगल्या, सांधे बसले. आता तरी नाव कोरडी होते का? नाही. लाकडी नाव पूर्ण कोरडी कधीच नसते. लाट काठावरून शिंतोडे टाकते. पाऊस पडतो. ओलं जाळं आत ओढलं की पाणी येतं, माणसाच्या पायांबरोबर येतं. कुठल्याशा सांध्यातून थेंब थेंब झिरपतं. म्हणून प्रत्येक होडीत वल्ह्याइतकीच आवश्यक अशी एक वस्तू असते, ती म्हणजे पाणी उपसायचा डबा. पूर्वी लाकडाचा असे, कुठे करवंटी, आता बहुधा तेलाचा कापलेला प्लास्टिकचा कॅन. होडी सजवताना त्याला कोणी हार घालत नाही. पण तो नसेल तर शहाणा माणूस होडी पाण्यात लोटणार नाही.

सकाळी होडीवर आला की होडीवाला पहिलं काम पाणी उपसायचं करतो. तो रडत नाही, की काल उपसलं होतं, आज पुन्हा कसं आलं. रोज किती येतं याचा त्याला अंदाज असतो. दहा डबे निघाले तर तो निघतो. एखाद्या दिवशी तीस निघाले तर मात्र तो थांबतो, खाली वाकतो आणि सांधा शोधतो. पाणी येणं ही बातमी नाही. नेहमीपेक्षा जास्त येणं ही बातमी आहे.

आणि जो उपसत नाही त्याचं काय होतं, तेही नीट समजून घेऊ. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. होडीच्या तळात शंभर लिटर पाणी साठलं तर ते दिसायला फार दिसत नाही, घोट्याएवढं असतं, पण शंभर किलोचा एक माणूस आत येऊन बसल्यासारखं आहे. तरी वजन हा खरा धोका नाही. शंभर किलोचे दगड तळाशी नीट रचून ठेवले तर उलट होडी स्थिर होते. शिडाची रिकामी होडी वाऱ्यात फार डोलते म्हणून मुद्दाम तळाशी दगड घालतात. मग त्याच वजनाचं पाणी घातक का? कारण दगड जागेवर बसतो आणि पाणी सुटं असतं. होडी डावीकडे जराशी कलली की सगळं पाणी डावीकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. सावरून उजवीकडे घ्यावं तर ते उजवीकडे धावतं. वाऱ्यानं जेवढं कललं असतं त्याहून जास्त ते कलवतं.

माझ्या मते आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. नातीवर जीव असणं हे वजन आहे. म्हाताऱ्या पत्नीच्या औषधांची वेळ सांभाळणं, मुलाच्या घराच्या हप्त्यासाठी आपल्या पेन्शनीतून दोन पैसे बाजूला टाकणं हे वजनच आहे. पण ते तळाशी बसलेलं वजन आहे, त्यानं माणूस स्थिर होतो. रात्री दोन वाजता जे इकडून तिकडे धावतं ते सुटं पाणी. ‘त्याचा फोन का आला नाही, तिनं माझ्या डब्याबद्दल असं का म्हटलं, माझ्यामागे घराचं काय होईल.’ एकाच माणसाबद्दलचं प्रेम आणि काळजी, दोन्हीचं वजन कदाचित सारखंच असेल. प्रेम बसतं आणि काळजी धावते. उपसायची ती काळजी. प्रेम उपसायला गेलं तर रिकामी होडी पहिल्याच वाऱ्यात उलटेल.

काठावर ठेवलेली होडी

यावर कोणी म्हणेल, हा तर आसक्तीची बाजू घेणारा युक्तिवाद झाला. अवधूताच्या चोवीस गुरूंत कपोतही आहे. पारध्यानं जाळ्यात धरलेल्या पिलांमागे कपोती गेली, तिच्यामागे कपोत गेला आणि सगळंच कुटुंब पारध्याच्या हाती लागलं. अवधूतानं त्यातून सांगितलं की स्नेहाचा अतिरेक नाशाला नेतो. हे कसं विसरायचं?

ते विसरायचं नाहीच. कपोताची होडी काठोकाठ भरली होती आणि त्यानं कधी डबा हातात घेतला नव्हता. अवधूताचा इशारा खरा आहे. आपल्यातही अशी माणसं आहेत, मुलाच्या एका वागण्यानं ज्यांचं खाणंपिणं सुटतं, नातवाच्या परीक्षेच्या निकालानं ज्यांचा रक्तदाब वर जातो. पण कपोताला भिऊन होडी पाण्यातून कायमची बाहेर काढली, तर काय होतं तेही बघा.

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर होड्या वर ओढतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि लहान होड्यांनाही त्या समुद्रात जाणं शहाणपणाचं नसतं. वाळूवर आडवी लाकडं टाकून त्यांवर होडी चढवतात, वर झावळ्यांचं छप्पर घालतात. तळाला चिकटलेली कालवं आणि शेवाळ खरवडतात, सांधे तपासतात, तेल पाजतात. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की होडी पुन्हा पाण्यात. ही विश्रांती आवश्यकच असते. पण जी होडी ‘सुरक्षित राहावी’ म्हणून वर्षानुवर्षं काठावरच ठेवली जाते, तिचं लाकूड वाळतं, आक्रसतं. सांध्यांतला कापूस सुटतो, फळीफळीतून ऊन आरपार दिसू लागतं. ती बुडणार नाही हे खरं. पण ती आता कोणाला पलीकडेही नेणार नाही.

काही वेळा आपण अशा कोरडेपणाला वैराग्य समजतो. ‘मला आता कोणाचं काही नाही’ असं म्हणत एखादे आजोबा सुनेशी बोलणं बंद करतात, लेकीच्या अडचणीकडे पाठ फिरवतात आणि ‘मी आता फक्त दत्तमहाराजांचा’ म्हणून देवघरात बसतात. संन्यासी ही वेगळीच बांधणी असते आणि तिच्यापुढे आपण नतमस्तक आहोत. पण देवघराच्या दारातून रागानं बाहेर पाहणारा माणूस संन्यासी नसतो. त्याचे सांधे उघडे पडलेले असतात, इतकंच. खूण सोपी आहे. वैराग्यानं माणूस मऊ होतो, कोरडेपणानं खरखरीत होतो. घरातल्या सुनेला विचारलं तर ती अचूक सांगेल.

आणि श्रीगुरूंनी तरी काय केलं? गुरुचरित्र उघडून पाहा. सायंदेव पायाशी राहू मागत होता, महाराजांनी त्याला घरी पाठवलं, पुढे भेट होईल म्हणून आश्वासन दिलं. वांझ म्हैस दुभती केली, म्हणजे एका गरिबाच्या घरच्या दुधाची चिंता वाहिली. साठ वर्षांच्या वांझ बाईला मूल दिलं. शेतकऱ्याच्या शेताची कणसं भरली. नाव पाण्यात असूच नये असं त्यांना वाटत असतं, तर त्यांनी इतक्या जणांचा प्रपंच भरला कशाला असता? चोवीस गुरूंची ही कथा मराठीत घरोघर पोचवली ती एकनाथांनी. त्यांनी एकादश स्कंधावरची टीका १५७३ मध्ये काशीत पुरी केली. ते स्वतः पैठणचे गृहस्थाश्रमी. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दत्तात्रेयांचे उपासक आणि त्याच वेळी देवगिरीचे किल्लेदार. दोघांच्याही नावा भर पाण्यात होत्या.

न दिसणारा किडा

कायम काठावर ठेवलेल्या होडीचं पाहिलं. कायम खाऱ्या पाण्यात ठेवलेल्या होडीचंही पाहायला हवं, नाहीतर हे लिहिणं एका बाजूला कलेल.

समुद्रात लाकूड खाणारा एक जीव असतो. लोक त्याला किडा म्हणतात, पण तो खरं म्हणजे शिंपल्याच्या जातीचा. लहान असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरतो आणि आत वाढत, पोखरत जातो. बाहेरून फळी धड दिसते, रंगही शाबूत. हात लावून दाबली की आत चाळण झालेली कळते. पाणी उपसणाऱ्यालाही हा किडा सापडत नाही, कारण त्यानं अजून पाणी आत येऊ दिलेलं नसतं. त्याचा उपाय दुसरा. होडी अधूनमधून वर काढायची, सुकवायची, तळ तपासायचा. किंवा ती खाडीतून आत, नदीच्या गोड्या पाण्यात नेऊन काही दिवस ठेवायची. गोड्या पाण्यात हा जीव मरतो. जुन्या दर्यावर्दींना हे ठाऊक होतं.

दत्तजयंतीचा सप्ताह, वाडीला किंवा गाणगापूरला जाऊन राहिलेले चार दिवस, पौर्णिमेची वारी, हे आपल्या होडीचं गोडं पाणी आहे. तिथे प्रपंच सुटत नाही, पण जे आतून पोखरत असतं ते तिथे जगत नाही. भावाबद्दलचा डंख, शेजाऱ्याच्या वैभवाचा मत्सर, मीच या घराचा आधार आहे हा अहंकार, हे किडे बाहेरून दिसत नाहीत. रोजच्या नामानं पाणी उपसलं जातं, सप्ताहानं तळ तपासला जातो. दोन्ही लागतात. वर्षातून एकदा पारायण आणि मधले तीनशे दिवस डबा कोपऱ्यात, असं चालत नाही. आणि नुसता डबा मारत राहिलं, तळ कधी पाहिलाच नाही, असंही चालत नाही.

सुकाणू कोणाचं, डबा कोणाचा

औदुंबरहून कृष्णा ओलांडून भिलवडीकडे भुवनेश्वरीच्या दर्शनाला नावेतून गेलेले अनेकजण वाचकांत असतील. कुरवपूरला जाताना कृष्णेच्या पात्रात गोल बुट्टीत बसून जीव मुठीत धरलेलेही असतील. त्या वेळी आपण नावाड्यावर विसंबतो. कुठे खडक आहे, कुठे धार जोराची आहे, हे त्याला ठाऊक असतं, आपल्याला नसतं. मधेच उठून सुकाणू धरायला गेलं तर तोच ओरडतो, ‘बसा हो खाली!’ पण पाणी आत येऊ लागलं आणि त्यानं ‘डबा घ्या’ म्हटलं, तर ‘तुम्हीच तारणारे, मी कशाला उपसू’ असं कोणी म्हणत नाही.

गुरूवर भार टाकणं म्हणजे काय, याचा घोटाळा इथेच होतो. दिशा, वारा, पलीकडचा काठ हे त्याच्याकडे. आपल्या पायाखालचं पाणी आपल्याकडे. आणि हे उपसणं फार साधं असतं. मृत्युपत्र वेळेवर करून ठेवणं, म्हणजे पोरांमध्ये उद्याचं पाणी शिरणार नाही. कपाटाची किल्ली सुनेच्या हातात देणं आणि मग रोज ‘काय काढलंस’ असं न विचारणं. भावाला आपणहून फोन करणं, आणि त्यानं तो कोरडेपणानं घेतला तरी पुढच्या महिन्यात पुन्हा करणं. मुलाचा फोन आला नाही तर त्याच्यासाठी एक माळ जपून झोपणं. यात मोठं तप काही नाही. डबाभर पाणी काठापलीकडे टाकणं आहे.

वय झालं की होडी जास्त गळते. लाकूड जुनं होतं, सांधे सैल पडतात, दहा डब्यांच्या जागी वीस लागतात. तरुणपणी जी गोष्ट हसून सोडली असती, ती सत्तरीत टोचते, डोळ्यांत पाणी लगेच येतं. यात साधना वाया गेली असं काही नाही. जुन्या होडीचा धर्मच तो. जुना होडीवाला त्यावर रागावत नाही. तो थोडं जवळच्या पाण्यात जातो, ओझं कमी घेतो आणि जास्त वेळा उपसतो.

आता किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या आहेत. त्यांना फळ्यांचे सांधे नाहीत, किडा नाही, दरवर्षीची तेलपाणी नाही. लाकूड महाग झालं, ते घडवणारे हात कमी झाले, कोळी बांधवांनी सोयीचं ते घेतलं. त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण माणूस फायबरचा होत नाही. तो लाकडाचाच राहणार, पाण्यानं फुगणारा, उन्हानं आक्रसणारा, सांध्यासांध्यानं जोडलेला.

अवधूतानं समुद्रालाही गुरू केलं. पावसाळ्यात नद्यांचे लोंढे आले तरी तो फुगत नाही, उन्हाळ्यात ते आटले तरी सुकत नाही. ती सिद्धांची स्थिती, आपण तिला दुरून नमस्कार करू. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर ते नृसिंहवाडीला आहे. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेला पूर आला की पाणी मंदिरात शिरतं. महाराजांच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिण दारातून बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वाराच्या स्नानासाठी आपण धावत जातो. प्रत्यक्ष महाराजांची जागाही कोरडी राहत नाही. पाणी आत येतं, पादुकांना लागतं आणि बाहेर पडतं. पूर ओसरला की पुजारी आणि भक्त गाळ उपसतात, गाभारा धुतात, आणि पूजा पुढे सुरू होते.

तेव्हा प्रवचनातला तो दृष्टान्त मनात असाच ठेवू, फक्त त्याला एक शेपूट जोडू. नाव पाण्यात असावी, पाणी नावेत साठू नये, आणि ते येणारच हे ओळखून हातात डबा असावा. आज दहा डबे निघाले असतील, उद्याही निघतील. सुकाणू धरणारा शांत आहे, मग आपण कशाला घाबरायचं?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥